ट्रेलरचा आरसा

तीस वर्षं दत्तात्रेयने उरणच्या बंदरातून ट्रेलरवर कंटेनर ओढले. उजवा कान इंजिनानं खाल्ला, पण डाव्यानं गाणं ऐकायची हौस काही गेली नाही. मुलाने, विपुलने, बंगला बांधला तेव्हा म्हाताऱ्याने एकच खोली मागून घेतली. दोन मोठे स्पीकर, कॅसेटचा डेक, मधोमध खुर्ची.

त्याच खोलीनं त्याला घोर लावला. नातीची, दिपालीची हळद पंधरा दिवसांवर आलेली. दत्तात्रेयची आई येसूबाई गावची धवलारीण होती, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले गाणारी. तिचा हळदीचा धवला आता कुणालाच येत नव्हता. उरला होता एका कॅसेटवर. आणि ती लावली की गुळगुळीत फरशी, काचा नि कोऱ्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकायच्या. तिसरी ओळ नुसती घुमायची. आताची धवलारीण केसरबाई तीनदा ऐकून गेली.

"दत्ता, यो धवला हाय का इहिरीत परलेली घागर? मना शब्द दे, मंग गाते."

"हेडफोन घाला ना, बाबा," विपुल म्हणाला.

"मना एकच कान हाय. नि केसर डोक्याव काय चढवून घेनार नाय."

त्यानं भिंतभर अंड्यांचे ट्रे चिकटवले. घुमणं तसंच.

"आता फक्त कोंबड्या आणा," विपुल म्हणाला.

सातवी शिकलेला माणूस, पण हट्ट असा की दोन दिवस त्या खुर्चीतून हलला नाही. मग माळ्यावरून त्यानं जुन्या ट्रेलरचा आरसा काढला. गाडी विकताना तो नि माल बांधायच्या पट्ट्या तेवढ्या ठेवून घेतलेल्या. मागची गाडी आरशात दिसते ती उजेड आपटून येतो म्हणून. आवाजही तसाच येत असणार. खुर्चीत बसून त्यानं विपुलला आरसा भिंतीवरून सरकवायला लावला.

"येऊ दे... येऊ दे... आजून... बस. स्पीकर दिसला. खडू मार."

भिंतींवर चार, छताला दोन खुणा झाल्या. मिठागरावरच्या जुन्या गोणपाटांत गादीचा कापूस भरून त्यानं जाड उशा शिवल्या आणि त्या खुणांवर, मागं चार बोटं जागा सोडून टांगल्या. छताच्या दोन बांधल्या ट्रेलरच्याच पट्ट्यांनी. मग टाळी वाजवली. वाजली, तिथंच संपली.

केसरबाईला बोलावून कॅसेट लावली. तिसऱ्या ओळीला येसूबाई समोर बसल्यासारखी गायली: मिठागराचे बांधावं हलद वालत घातली.

केसरबाईनं पदर नीट केला, ओळ तिथंच गाऊन पाहिली आणि थांबली. "हितं गला बसल्यावानी वाटते. खोली आयकाची हाय तुजी, गानं गावाची नाय." ती अंगणात गेली आणि तीच ओळ मोकळ्या गळ्यानं उचलली.

दत्तात्रेयनं डेक बंद केला आणि डावा कान बाहेर वळवला.

"विपुल, दार उघडं राहू दे."