दसऱ्याची खरेदी माझ्या नावावर

"मॅडम, हे तुमचं पाचवं कर्ज," कोपरीतल्या त्या खासगी फायनान्स कंपनीची अधिकारी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. मला वाटलं, हिने दुसऱ्याच कोणाची फाइल उघडलीय. मी जन्मात कर्ज काढलं नव्हतं.

मी तेवीस वर्षांची होते. आयर्लंडमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळालेला, फीचा पहिला भाग भरायला अकरा दिवस उरलेले. तो चुकला असता तर जागा गेली असती. आधी आम्ही एका मोठ्या बँकेत गेलो होतो. त्यांना सहकर्जदार म्हणून पप्पांची सही हवी होती, पण पप्पांचं नाव कॉम्प्युटरवर टाकल्याबरोबर तिथल्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. पप्पा कल्याणजवळच्या एका कारखान्यात होते. तिथे कामगार सहकारी बँकेतून कर्ज काढत आणि एकमेकांना जामीन राहत. आज माझ्यासाठी तू, उद्या तुझ्यासाठी मी. पप्पांना नाही म्हणताच येत नसे. नोकरी सुटली, ज्याच्यासाठी सही केली तो गावी गेला तो गेलाच, आणि थकबाकी पप्पांच्या नावाला चिकटली.

म्हणून मी ही कंपनी शोधून काढली. इथे सहकर्जदार लागत नव्हता. मार्क, विद्यापीठ, माझी वर्षभराची नोकरी आणि माझी स्वतःची पत, एवढंच बघणार होते. घरी मी तोऱ्यात सांगितलं, "मला कोणाची सही नको. माझं मी बघते." पप्पा जेवत होते. पोळीचे तुकडे आमटीत मऊ होईपर्यंत थांबले, मग एका बाजूने चावत राहिले. गेली दोन वर्षं ते असंच जेवत, आणि मी त्यांना 'आजोबा' म्हणून चिडवायचे.

अधिकारी बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फ्रिज. वॉशिंग मशीन. आईचा मोबाईल. शेवटची ओळ वाचून माझे कान तापले. लॅपटॉप. ज्याच्यावर मी ह्यांचा फॉर्म भरला होता, तोच.

आमच्याकडे दसऱ्याची खरेदी माझ्या नावावर व्हायची. मी अठराची झाल्यापासूनची प्रथा. "घरातल्या लक्ष्मीच्या नावावर घ्यावं, शुभ असतं," पप्पा म्हणायचे. मानपाड्याच्या दुकानात मी आधार द्यायचे, पॅन द्यायचे, फोटोला हसायचे, मोबाईलवर आलेला आकडा सांगायचे, बोट ठेवलं तिथे सही करायचे. घरी येऊन नव्या वस्तूला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. मैत्रिणींना सांगत सुटायचे, आमच्याकडे फ्रिजसुद्धा माझ्या नावावर आहे! स्टॅटिस्टिक्समध्ये पहिली आलेली मी, त्यातला एक कागद वाचला असेल तर शपथ.

"वरिष्ठांना विचारून उद्या फोन करते," बाई म्हणाल्या. आयर्लंड संपलं, असं मी तिथेच धरून चालले.

घरात शिरले ती ओरडतच. "पप्पा, माझ्या नावावर चार कर्जं काढलीत तुम्ही! चार!"

"सही तूच केलेलीस ना गं," ते हळू आवाजात म्हणाले.

"शुभ असतं म्हणून सांगितलेलंत मला!"

आईने गॅस बंद केला. पप्पा बराच वेळ टेबलावरचा प्लास्टिकचा कपडा सारखा करत बसले. मग म्हणाले, "फ्रिज घ्यायला आम्ही दोघं गेलेलो. दुकानातल्या माणसाने मशीनमध्ये माझं नाव टाकलं, आणि तुझ्या आईसमोर म्हणाला, काका, तुमच्या नावावर नाही होणार. घरात दुसरं कोणी आहे का?" त्यांनी कपड्याची सुरकुती दाबली. "मग तुझं नाव दिलं. तुला काय सांगणार होतो? म्हटलं, लक्ष्मी."

म्हणजे प्रथाबिथा काही नव्हतीच. मला इतका धक्का बसला की जे बोलायला नको तेच तोंडातून गेलं. "सगळ्या जगाला सह्या वाटल्यात, आणि निस्तरायचं मी!" ते उठून आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, मंजूर झालं."

"अहो, पण ती जुनी कर्जं?"

"त्यांच्यामुळेच तर झालं! पाच वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही. पाटी कोरी असती तर सहकर्जदाराशिवाय एवढी रक्कम दिलीच नसती आम्ही. फार शिस्तीच्या आहात हो तुम्ही."

मी? मी एक रुपया भरला नव्हता. हप्ते जायचे ते माझ्या लहानपणी उघडलेल्या खात्यातून; त्यात पैसे भरायचे पप्पा, आणि मेसेजही त्यांच्याच मोबाईलवर जायचे. आईला शिस्तीचं सांगितलं, तर ती फणकारली. "कसली शिस्त? ह्यांच्या दाढेला टोपी बसवायला डॉक्टरने दोनदा बोलावलं. हे म्हणाले, आधी तिचा लॅपटॉप फिटू दे."

मी त्यांना आजोबा म्हणत होते. दोन वर्षं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्याच संध्याकाळी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "टोपी बसेपर्यंत मला बोलता येणार नाही, तूही बोलू नकोस."

सहीच्या दिवशी पप्पा बरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कोणी बोलावलं नव्हतं, आणि मी नको म्हटलं नाही. करारनामा टॅबवर होता. सहकर्जदाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लागू नाही'. पप्पांनी चष्मा चढवला, पेनचं टोपण काढलं आणि वाकून विचारलं, "ह्यात माझी कुठे?"

"कुठेच नाही, पप्पा."

त्यांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. माझं बोट सहीच्या चौकटीकडे निघालेलं बघून त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी सगळं वाच," ते म्हणाले. "मी थांबतो."