पायी चालणाऱ्यांचा रकाना

मुश्ताकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडले होते. उलव्याच्या मोजणीचे कागद दोन दिवस आले नव्हते. पलीकडे त्यांचा जावई होता. “मॅडम, अब्बांचा इंतकाल झाला. काल दुपारी…” दफनही उरकलं होतं. शेवटचं पाहायचंही राहून गेलं.

आमच्या सल्लागार कचेरीचं काम तसं रुक्ष. नवी इमारत उभी राहिली की तिच्यामुळे रस्त्यावर किती गाड्या वाढतील ते मोजायचं आणि रस्ता, चौक सुधारण्याच्या खर्चातला किती वाटा बिल्डरने शुल्क म्हणून भरायचा, ते ठरवून द्यायचं. मुश्ताकभाई आखातात रस्त्यांच्या कामावर उमेदीची वर्षं घालवून पनवेलला परतलेले. घडीचं स्टूल घेऊन नाक्यावर बसायचे आणि गाड्या मोजायचे. पुण्याहून नवीनच आले होते मी. मुंबईच्या जुन्या उपनगराचे आकडे उचलून नव्याने वसणाऱ्या उलव्याला लावले, तर मुश्ताकभाई पोट धरून हसले. “अहो मॅडम, तिथे खाली उतरलं की बस मिळते. इथे दूध आणायलाही स्कूटर काढतात!” सगळा हिशेब त्यांनी माझ्याकडून पुन्हा करून घेतला. इथे मला हक्काने रागावणारं तेवढं एकच माणूस होतं.

भांडण झालं ते पनवेलजवळच्या कोन गावच्या कामावरून. तक्त्यात त्यांनी पेन्सिलीने एक जादा रकाना आखला होता, पायी चालणाऱ्यांचा. गावातल्या बायका रस्ता ओलांडून नव्या टॉवरमध्ये धुण्याभांड्याला जात. “ह्या बायकापण टॉवरमुळेच येतात ना? मग यांच्यासाठी पूल नको?” शुल्काच्या सूत्रात फक्त गाड्या होत्या, अहवालाची मुदत डोक्यावर होती. मी रकाना खोडला. शुल्क ठरलं, त्यातून रस्ता रुंद झाला. पुढे दोन वर्षं प्रत्येक अहवालाच्या वेळी ते विचारायचे आणि मी म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. “इन्शाअल्लाह,” म्हणून स्टूल उचलायचे. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आता कचेरीत माझा आकडा चुकला तरी कुणी हसत नाही. फार एकटं वाटतं… जेवणाचा डबा तसाच परत जातो.

गेल्या आठवड्यात कोनच्या नेहमीच्या मोजणीला माणूस मिळेना, म्हणून मीच जाऊन बसले. तक्त्यात पायी चालणाऱ्यांचा रकाना आखून घेतला होता. दुपारी कामावरून परतणारी एक म्हातारी जवळ येऊन उभी राहिली.

“आज चाचा नाय आले?”

“ते वारले, आजी.”

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “मोजायला बसले की हात दाखवून गाड्या थांबवायचे. मंग आमी जायचो. आता आमाला पल्याड कुनी न्यायचा?”

दोन वर्षांत हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं. मी वही खाली ठेवली, तिचा हात धरला आणि दुसरा हात वर केला. एकही गाडी थांबली नाही. माझ्याच हिशेबाने रुंद झालेल्या त्या रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी कितीतरी वेळ उभ्या होतो.