तिसरी रेषा

नकाशा कधीही खोटं बोलत नाही... हे वाक्य आमचे भूगोलाचे विभागप्रमुख टेबलावर मूठ आपटून म्हणत, आणि त्या मुठीखाली बहुतेक वेळा माझाच नकाशा असे.

या सदरात लोक पैंजणांचे आवाज आणि पांढऱ्या साड्या लिहून पाठवतात. माझ्याकडे त्यातलं काही नाही. भुतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. आमच्या घरात ती सोयच उरली नव्हती. छप्पन सालच्या दीक्षेनंतर वडिलांनी (ते अकोल्यात प्राथमिक शिक्षक) देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले आणि मोर्णा नदीत सोडून आले. आईनं भीत भीत विचारलं, "आन् भुताखेतांचं काय?" तर म्हणाले, "जिथं देवाले जागा नाही, तिथं भुताले कोन ठेवते?"

अशा घरातला मी. म्हणून हे सांगायला इतकी वर्षं लागली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमरावतीत भूगोलात एम.ए. करत होतो. नातेवाईक विचारत, "म्हंजे तलाठी होशीन काय?" पण अकोल्याच्या एका कॉलेजात भूगोलाची जागा निघणार होती आणि तिथल्या प्राचार्यांनी वडिलांना शब्द दिला होता – पोरगा यंदा पास झाला, तर जागा त्याची. यंदा. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कुणाची तरी असणार होती.

लेखी पेपरांची मला काळजी नव्हती. माझं घोडं अडलं होतं प्लेन टेबलपाशी.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन पायांचं एक टेबल, त्यावर कागद, कागदावर नेम धरायची पट्टी. एका जागेवरून वस्तूवर नेम धरायचा आणि रेषा मारायची. मग टेबल उचलून दुसऱ्या जागी न्यायचं, तिथून त्याच वस्तूवर रेषा. दोन रेषा जिथं छेदतात, तिथं ती वस्तू. तिसऱ्या जागेवरून मारायची ती पडताळ्याची रेषा. तीही त्याच बिंदूतून गेली, तर तुम्ही शहाणे. नाही गेली, तर मध्ये छोटासा त्रिकोण उरतो. चुकीचा त्रिकोण. तो सगळ्यांचाच उरतो, टाचणीच्या डोक्याएवढा. माझ्याबद्दल सर म्हणत, "तुमच्या त्रिकोणात ज्वारी पेरता येईल."

माघात भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात आमचा शेवटचा कॅम्प होता. निघताना सरांनी बजावलं, "संपूर्ण नकाशात निदान एक त्रिकोण मिटवून दाखवा. नाही तर प्रॅक्टिकलला मी बसू देणार नाही."

माझा जोडीदार मधुकर. अमरावतीच्या अंबापेठेतल्या वकिलाचा मुलगा, हुशार, आळशी आणि मित्र म्हणून उत्तम. प्रत्येक जोडीला एक टेबल आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी टोकाचा दांडा मिळे. मधुकरनं दांडा घेऊन वावराच्या बांधाच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, मी नेम धरायचा, असं ठरलं. जेवण करून तो निघाला.

मी टेबल मांडलं. पट्टीच्या फटीतून पाहिलं... दोन वावरांपलीकडे पांढरा सदरा, शेजारी दांडा. लाल, पांढरा, लाल – पट्टे स्पष्ट. रेषा मारली. मधुकरच्या हातात दांडा नेहमी डुलायचा, त्या दिवशी ओळंब्यासारखा सरळ. मनात म्हटलं, पोरगा सुधारला.

दुसऱ्या जागेवरून रेषा मारली. तिसऱ्या जागेवर टेबल मांडलं, नेम धरला, पेन्सिल ओढली.

रेषा बिंदूतून गेली. जवळून नव्हे – बिंदूतून. मी पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा नेम धरला. पुन्हा तीच. त्रिकोण नाहीच!

रुमाल हलवला. 'ये' म्हणायची आमची ती खूण. माणूस हलला नाही. पुन्हा हलवला. मग हाका मारल्या. तो तसाच... सरळ.

"काहून बोंबलून राहिला बे?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. मधुकर. खांद्यावर दांडा, ओठ काळे.

"तू इथं कसा?"

"कसा म्हंजे? वहाणेचा अंगठा तुटला. किसनरावानं बोलावलं हुळा खायाले, बसलो. आता जातो ना तिकडे, भडकतं कायले?"

किसनराव त्या वावराचे मालक. त्यांच्या दुसऱ्या वावरात हरभरा भाजणं चाललं होतं. मधुकरचे ओठ आणि बोटं काजळीनं भरलेली. मी वळून पाहिलं. वावर रिकामं होतं.

"तिथं कोण होतं?" मी विचारलं.

"मले काय इचारतं? पाहत तू होता."

आम्ही तिथं गेलो. बिंदू बांधाच्या कोपऱ्यावर नव्हताच, चांगला आत, उघड्या वावरात निघाला. जमीन नुकतीच वखरलेली, काळी, भुसभुशीत. दांड्याचं टोक रुतल्याची खूण नाही. पावलं होती ती आमचीच, आत्ताची. बाकीच्या जोड्या नाल्यापलीकडे सरांच्या नजरेखाली. त्यांचे दांडे मी संध्याकाळी स्वतः पाहिले, सगळे जागेवर. मृगजळ म्हणावं, तर माघात? आणि मृगजळाला पट्टे नसतात.

शेवटी लाज सोडून किसनरावांना विचारलं, "काका, या वावरात कोणी... म्हणजे पूर्वी कोणी मेलंबिलं होतं का?"

"इथं?" ते हसले. "इथं पानी खारं. मरायले तरी कोन येईन बापा!"

तेवढाही आधार मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मधुकरला खरोखर बांधावर उभा केला आणि सगळं नव्यानं केलं. तिसरी रेषा नेहमीसारखी भलतीकडे गेली. ज्वारीपुरता त्रिकोण तयार. आता माझ्या अख्ख्या कागदावर मिटलेला बिंदू एकच होता, आणि त्या जागी काही नव्हतं.

"ठेव तो," मधुकर म्हणाला. "खाली लिही, बांधाचा कोपरा. कोन जाते मोजाले?"

"कोपरा नाही तो."

"मंग खोड. आन् जाय घरी. नोकरी पाह्यजे का सत्य पाह्यजे तुले?"

मी खोडरबर हातात घेतलं, खाली ठेवलं. असं बरेचदा केलं. बिंदू खोडावा, तर पाहिलेलं नाकारणं. नाव द्यावं, तर खोटं. शेवटी बिंदू ठेवला आणि नाव लिहिलं नाही. सरांनी बिंदू पाहिला, सही केली आणि वर्गापुढं 'चिकाटी' या विषयावर भाषण केलं. मी बसलो होतो खालमानेनं.

परीक्षेआधी अकोल्याला गेलो. जेवण गोड लागेना, वाचलेलं डोक्यात राहीना. एका सकाळी वडिलांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कोन होता?"

"ठाऊक नाही."

"मंग 'ठाऊक नाही' मन. भूत काहून मनतं?"

"मी भूत म्हटलंच नाही, बाबा."

"तोंडावर दिसते तुह्या." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले. भिंग घेऊन ते माझा कागद बारकाईनं बघत होते. सर शेजारी, कोटाची बटणं लावून. भिंग बिंदूवर थांबलं.

"याला नाव का नाही? काय आहे इथं?"

"काही नाही, सर."

सरांचा चेहरा उतरला.

"मग रेषा कशावर मारल्या?"

"एका माणसावर."

"कोण माणूस?"

"ठाऊक नाही. जवळ गेलो तेव्हा कोणी नव्हतं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "माणसं नकाशात दाखवत नाहीत. माणूस हलतो."

"हा हलला नाही, सर."

अकोल्याची जागा गेली, हे मी मनाशी धरून टाकलं. मग परीक्षक हसले, पुन्हा वाकले आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर सरांनी ते मला दाखवलं. बाकीची सगळी ठिकाणं सदोष, हा बिंदू निर्दोष, उत्तीर्ण.

तो कोण होता, हे मला आजही सांगता येत नाही. मधुकर पुढे वकील झाला. त्याच्या मते मी झोपलो होतो. झोपेत तीन ठिकाणी टेबल मांडता येत असतं, तर मला कॉलेजात कमी त्रास झाला असता.

अकोल्याची जागा मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी तिथं प्लेन टेबल शिकवलं. माझा त्रिकोण पुन्हा कधीही मिटला नाही.