तिसरा मुद्दा

मासोळी विकणारी मावशी आमच्याकडे मागच्या दाराने यायची. नळाजवळ टोपली उतरवायची, पदराने मान पुसायची आणि कुणाला हाक न मारता नुसती बसून राहायची. मी खिडकीतून पाहतेय हे तिला माहीत असायचं. मग मी पावशी, म्हणजे विळी, आणि थोडी राख घेऊन जायचे. पावशी पायाखाली धरून ती निसरडी वाम मासोळी कापायची. हातातून निसटू नये म्हणून आधी तिला राख चोळायची. मी शेजारी उकिडवी बसून बघायचे.

आम्ही सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात राहायचो. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि घरी आईबाबांची मराठी. मी तिन्हींत कमीच बोलायचे.

"काहून वं, आज तोंड शिवलं का तुह्यं?"

"काही नाही."

"काही नाही म्हन्ते. शाळेत इंग्रजी बोलून सारं सरून जाते वाटते. घरी आनाले काही उरतच नाही!"

आई आतून हसायची. मीही हसायचे. मावशीसमोर गप्प बसलं तर काही बिघडत नसे. बाकी सगळ्यांना माझ्या गप्प बसण्याचं काहीतरी करायचं असायचं. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावायचे, बाई वर्गात मुद्दाम उभं करायच्या. मावशीचं मात्र मासोळी कापता कापता एकटीचंच बोलणं चालायचं. लालबर्र्याच्या बाजारात कोणी कसं फसवलं, भरवेलीच्या कॉलनीत लोक डोकं टाकून नुसते तुकडे कसे नेतात. डोकं टाकणाऱ्यांवर तिचा फार राग होता.

मावशी वैनगंगेच्या काठच्या एका गावातली, मासेमार ढिवरांच्या घरातली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आषाढात ती मला तिच्या गावी घेऊन गेली. आईला म्हणाली, पोरीले जरा हवा लागू द्या. बसने उतरून आम्ही शेतांच्या बांधावरून बराच वेळ चाललो. मग नदी एका खडकाला वळसा घालते तिथे तिने मला चपला काढायला लावल्या. तिथे मोठा डोह होता. पाणी मातकट लाल झालेलं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि बोट न दाखवता फक्त हनुवटी पुढे केली. पाण्यात मोठमोठ्या पाठी वर येत होत्या, कलंडत होत्या, पुन्हा आत जात होत्या.

"माहेरी आल्या ह्या," ती हळूच म्हणाली. "बाळंतपनाले."

पोळा होईपर्यंत त्या डोहात कोणी जाळं टाकत नाही. टाकलं तर काय होतं, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "टाकतच नाही," ती म्हणाली. पोळ्यानंतर एका सकाळी सगळी घरं मिळून जातात, घरटी एक जाळं. लहान मासोळी परत सोडतात. आणि डोहाचं नाव बाहेरच्या माणसासमोर कधी घेत नाहीत. एकदा जीपमधून कोणी साहेब आला होता. एवढा मोठा कतला मासा कुठून आणला, असं त्याने मावशीच्या नवऱ्याला विचारलं. "बजारातून आनला सायेब," नवऱ्याने सांगितलं. तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. हे सांगताना मावशीला इतकं हसू आलं की तिने पदराचा बोळा तोंडात धरला, कारण तिथे मोठ्याने हसायचंही नसतं.

परत येताना तिने मला डोहाचं नाव सांगितलं. म्हणाली, "तुले सांगतलं म्या. तू कोनापाशी बोलत नाही म्हून."

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते एकदाच लिहिलं, आणि हे सगळं त्याबद्दलच आहे.

दोन वर्षांपूर्वी मावशी टोपलीशिवाय आली. तिच्या हातात पंचायतीतून आणलेला घडी घातलेला कागद होता. मासेमारीच्या नियमांत बदल होणार होते. मसुदा मोबाइलवर इंग्रजीत होता, कागदावर कचेरीतल्या हिंदीत. मी नळाजवळ बसून तिला समजावला. बारीक विणीच्या जाळ्यांवर बंदी येणार. मासोळी फक्त ठरलेल्या घाटांवरच उतरवायची, तिथेच तिची नोंद करायची. नदीचे पट्टे पाडून व्यापारी मासेमारीसाठी ठेक्याने द्यायचे. कोणाला हरकत असेल तर महिन्याभरात लेखी द्यावी, नंतर जनसुनवाई होईल.

"म्हंजे आपलीच नदी, अन् ठेकेदाराले इचारून जा लागन?"

"तसंच काहीतरी."

"तं तू लिही. तुले येते."

मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या रविवारी मी तिच्या गावी गेले. शाळेच्या व्हरांड्यात लोक जमले होते. मावशीचा सासरा, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, भिंतीला टेकून बसला होता. बोलायचं काम त्याचं होतं.

"दोनच गोष्टी लिही, बाई," तो म्हणाला. "एक, झिंग्याचं जाळं बारीकच रायते. मोठ्या जाळ्यात झिंगा थांबन का? दुसरी, आमचा घाट यादीत टाका. दहा कोस दूर मासोळी घेऊन गेलो तं रस्त्यातच सडन."

"आणि ठेक्याचं?"

"ठेका नोको म्हना. आमी आमचं पायतो."

मी दोन्ही मुद्दे लिहिले, खाली ठेका नको अशी एक ओळ टाकली आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सह्या आणि अंगठे वेगळ्या कागदावर घेतले, म्हणजे टाइप करून झालं की मागे जोडता येतील. मावशीने अंगठा उमटवून बोट माझ्याच ओढणीला पुसलं. सगळे हसले.

घरी येऊन टाइप केलं. दोन मुद्दे पानावर अगदी बारके दिसत होते. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की काही म्हणायचं तर पुरावा द्या, उदाहरण द्या, नाहीतर मार्क कापले जातात. "आमी आमचं पायतो" हे मी कसं सिद्ध करणार? पुरावा माझ्याजवळ होता. मी तो डोळ्यांनी पाहिला होता. सरकारला जे नियम करायचे आहेत ते हे लोक आधीपासूनच पाळतात, यापेक्षा चांगलं उत्तर कोणतं असणार? मी तिसरा मुद्दा लिहिला. पोळ्यापर्यंतची बंदी, घरटी एक जाळं, लहान मासोळी परत सोडणं, सगळं त्यात आलं. डोहाचं नाव आलं. सोबत नकाशा जोडला आणि त्यावर लाल ठिपका ठेवला. खरं सांगायचं तर मी इतकं चांगलं त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "अगदी साहेबासारखं लिहिलंस." सह्यांचा कागद मागे पिन केला आणि मी स्वतः जाऊन देऊन आले.

गावात पुन्हा जाऊन वाचून दाखवायला हवं, असं एकदा वाटलं होतं. पण पुन्हा एवढ्या लोकांसमोर बोलायचं, हा विचार मला नकोसा झाला.

जनसुनवाईला हॉल भरला होता. पुढे वेगवेगळ्या गावांचे लोक, मागे ठेका घ्यायला इच्छुक असलेली माणसं, बाजूला आम्ही. अधिकारी तरुण होते, बोलायला चांगले. एकेक हरकत पडद्यावर दाखवून वाचत होते. आमची आली तेव्हा ते वाचता वाचता थांबले.

"अरे वाह! ये देखिए सब लोग। ये गाँव बिना किसी के कहे प्रजनन के समय जाल नहीं डालता। ये है असली संरक्षण।" मग त्यांनी डोहाचं नाव घेतलं. माइकवर, स्पष्ट. नकाशा मोठा केला. लाल ठिपका पडद्यावर टोपलीएवढा दिसायला लागला. मागच्या रांगेतले दोघे-तिघे उभे राहून मोबाइलने फोटो काढायला लागले.

आमच्या बाजूला कोणी हललं नाही.

"बाबाजी, यही जगह है न?" अधिकाऱ्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

म्हातारा काठीवर भार देऊन उभा राहिला. "हमको नहीं मालूम, साहब।"

"आप ही लोगों का लिखा है। अंगूठा भी है।"

"अंगूठा हमारा है," तो म्हणाला. "बाकी हमको नहीं मालूम।"

हॉलमध्ये हसू पिकलं. अधिकाऱ्यांनाही वाटलं की म्हातारा घाबरला. त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितलं आणि लोकांनी वाजवल्या. मावशी माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त तिच्या मांडीवरचा माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा मला कळलं की मी तिचा हात धरून बसले होते.

महिन्याभरात, ऐन बंदीच्या दिवसांत, भरदुपारी बाहेरची माणसं मोटरसायकलवर आली. त्यांच्याजवळ बॅटऱ्या होत्या. पाण्यात करंट सोडून त्यांनी मिळेल ती मासोळी नेली, पोटात अंडी असलेलीही. गावातले लोक पोचेपर्यंत उरलेली पांढरी पोटं वर करून तरंगत होती. हे मला बाबांच्या ऑफिसातल्या कोणाकडून कळलं. मावशी सांगायला आली नाही. ती त्यानंतर आलीच नाही.

नियम पक्के झाले तेव्हा आमचे सगळे मुद्दे मान्य झाले होते. झिंग्याच्या जाळ्याला सूट मिळाली. घाट यादीत आला. त्या पट्ट्याचा ठेका निघाला नाही. आणि डोह संरक्षित क्षेत्र झाला. बारा महिने, सगळ्यांना, मासेमारी बंद. खडकावर पाटी लावली आहे. पोळ्यानंतरच्या सकाळी आता कोणी तिथे जात नाही.

मी मावशीच्या गावी जाऊन आले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आईची तब्येत विचारली. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हातारा म्हणाला, "तुह्या मनात वाईट नोयतं, बाई. पन आता थे सरकारचं हाय. थ्या गोष्टी कायले काढा?" मला कोणीतरी रागावावं असं वाटत होतं.

आता मावशी बाजारात बसते. आंध्रातून ट्रकने येणारी बर्फातली मासोळी विकते, कारण गावच्या नदीत आता झिंग्याशिवाय फारसं काही लागत नाही. पहिल्यांदा मी समोर उभी राहिले तेव्हा तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "बोलो बेटी, कितना काट दूँ?" मीही हिंदीतच उत्तर दिलं. तिने भराभर कापून पिशवीत घातलं, डोकं टाकून. मी घरी आले तेव्हा आईने पिशवी उघडून पाहिली आणि मासोळी धुवायला घेतली. तेव्हापासून मी दर आठवड्याला जाते. तिने मला एकदा तरी टोमणा मारावा म्हणून जाते. रात्रंदिवस गप्प राहण्याबद्दल मला कोणी चिडवावं, असं मला कधी वाटेल हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात पुन्हा सूचना मागवल्या आहेत. संरक्षित क्षेत्रांत स्थानिक लोकांना वर्षातून काही दिवस मासेमारी करू द्यावी का, असा प्रश्न आहे. मी फॉर्म छापून बाजारात नेला. गिऱ्हाइकं सरेपर्यंत बाजूला उभी राहिले. मग म्हणाले, जमेल तशा तिच्याच बोलीत, "मावशी, तुमी सांगान थेवढंच लिहीन. नाही सांगान तं नाही लिहीन."

तिने कागद ओल्या हाताने घेतला नाही. आधी हात पुसले. मग घडी घालून बटव्यात ठेवला. "बुढ्याले इचारतो," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मुदत संपायला आठ दिवस उरले आहेत. फॉर्म लॅपटॉपवरही भरता येतो. काय लिहायचं, कोणत्या क्रमाने लिहायचं, मला सगळं पाठ आहे, आणि ते चांगलं होईल हेही मला माहीत आहे. मी फॉर्म उघडते, गावाच्या नावाची चौकट येते, आणि मी तो बंद करते. काल बाजारात गेले होते. मावशी त्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.