पुनवेच्या चपला

तीन महिन्यांसाठी मुंबईच्या कोळीवाड्यात भाड्याने राहायला आलो, तेव्हा घरमालकीण मावशींनी एकच सल्ला दिला, “पुनवेला चपला दाराबाहेर ठेवू नको हां. दुपारच्या भरतीला गल्लीत पाणी येतं.” आभाळ कोरडं होतं, म्हणून मी हसलो.

पुनवेच्या दुपारी, थेंबभर पाऊस नसताना, गटारातून समुद्र मुकाट वर आला. माझे बूट तरंगत निघाले. आम्हा घाटावरच्यांना पायाखालची जमीन आपलीच वाटते. इथे ती समुद्राला विचारून वापरायची असते.

मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. पहाटे होडी घेऊन अनवाणी गेलेले त्यांचे यजमान, काका, अजून परतले नव्हते. त्यांच्या चपला मावशींनी छातीशी धरल्या होत्या. पाणी ओसरलं, गल्ली वाळली, तरी मावशींनी त्या खाली ठेवल्या नाहीत.