अण्णांच्या फोटोसमोरची मोकळी जागा

गुरुवारी इथे बहारीनमध्ये, आमच्या रिफातल्या कॉलेजात हिस्पॅनिक संस्कृतीचा दिवस होता. मी तिथे अ‍ॅडमिशन ऑफिसमध्ये काम करते आणि माझी लेक मैत्री तिथेच पहिल्या वर्षाला आहे... स्पॅनिश शिकते.

तिच्या टीचर मार्ता मेक्सिकोच्या. त्यांना झेंडूची फुलं हवी होती, म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना मनामात आपल्या फुलवाल्याकडे घेऊन गेले. गाडीत त्या सांगत होत्या, त्यांच्याकडे वर्षातून एकदा गेलेल्या माणसांचे फोटो टेबलावर मांडतात. समोर झेंडू, मेणबत्त्या आणि त्या माणसाच्या आवडीचं खाणं.

"तुमच्या घरचं कुणी असेल तर फोटो आणा," त्या सहज म्हणाल्या. मी फुलांचा विषय काढला...

माझे वडील, अण्णा, मागच्या वर्षी अकोल्याला वारले. आम्ही बौद्ध. आमच्याकडे श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही. अण्णा शिक्षक होते आणि या बाबतीत फार कडक. "जिवंतपणी पाणी विचारलं नाही, अन् आता खीर-पुरी!" असं शेजाऱ्यांना तोंडावर सुनवायचे. आम्हालाही बजावून ठेवलं होतं, "माह्यासाठी असं काही मांडाल तर याद राखा."

ते गेले तेव्हा मैत्रीची परीक्षा होती. तिला नेता आलं नाही. आजोबांना तिनं शेवटचं पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर... माझ्या भावाच्या हातातल्या मोबाइलमधून.

फुलं घेऊन घरी आले तर तिनं विचारलं, "मम्मी, कॅन आय टेक आजोबाज फोटो?" मी नाही म्हटलं. हे श्राद्धच झालं की, अण्णांना चाललं नसतं.

"आय नेव्हर गॉट टू डू एनिथिंग फॉर हिम," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. मला वाटलं, इंग्रजीत वाढलेल्या या पोरीला काय कळणार अण्णा कोण होते ते...

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलच्या दाराशी पोचले आणि थबकले. झेंडूच्या मधोमध अण्णा. तोच जाड चष्मा, तोच पांढरा शर्ट. फोटो तिनं नेलाच होता. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

मग लक्षात आलं... बाकी प्रत्येक फोटोसमोर काही ना काही होतं. पाव, संत्री, कॉफीचा कप. अण्णांसमोर काहीच नाही.

तेवढ्यात तिच्या वर्गातली एक बहारिनी मुलगी, फातिमा, तिथे आली. ती मोकळी जागा तिला बघवली नसावी. हातातला गोड पाव तिनं हळूच अण्णांपुढे ठेवला.

मैत्रीनं तो उचलून परत तिच्या हातात दिला. "नो हबीबती, यू ईट. माय ग्रँडफादर वुड बी सो अँग्री! ही ऑल्वेज सेड, माणूस जिवंत आहे तवर विचारा." शेवटचं मराठीत, अगदी अण्णांच्या ठसक्यात. मग तिला अर्थ समजावत बसली.

फातिमा हसली. पाव मोडून तिनं अर्धा मैत्रीला दिला. दोघी अण्णांसमोर उभ्या राहून खात होत्या.

मी दिसले तशी पोरगी दचकली. घास तोंडातच. "मम्मी, रागावू नको ना. मी त्यांना काही नाही मांडलं..."

मी पुढे होऊन तिच्या शेजारी उभी राहिले. मार्ता जवळ आल्या, फोटोकडे बघत म्हणाल्या, "सांगा ना, कसे होते?"

वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले... शाळा, त्यांचं भांडखोर तोंड, त्यांचं हसणं. मैत्री मध्येच मला थांबवून दुरुस्त करत होती. कितीतरी गोष्टी तिला माझ्याहून जास्त ठाऊक होत्या. सुट्टीत ती त्यांच्याजवळ नुसती बसून असायची, तेव्हा हे सगळं ऐकत होती तर...

मार्तांना मराठी वाचता येत नाही. तरी इथेच लिहिते. माझ्या लेकीला तिच्या आजोबांसाठी रडायला जागा हवी होती, ती मी दिली नव्हती. मार्ता, तुम्ही दिलीत... मनापासून आभार.