लांबची वाट

त्या सोमवारी दुपारी मामी बोलली आणि मामांनी टीव्ही बंद केला.

तोवर सणसरपासून इंदापूरपर्यंत, बारामती धरूनही, प्रेमाच्या विनोदी पिक्चरवर माझ्या मामांइतका विश्वास असलेला माणूस नव्हता. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण हा दावा खोडायला अजून कुणी पुढे आलेलं नाही. तरुणपणी ते उसाला पाणी लावून सायकलवर बारामती गाठत आणि चिखलाच्या पायांनी मॅटिनीला बसत. इकडे पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या मक्यात शिरलेलं असे. शेजारी भांडायला आला की मामा त्याला ओट्यावर बसवून पिक्चरची गोष्ट सांगत, आणि शेजारी उठताना विचारी, "अजून किती दिवस हाय?" रडक्या पिक्चरला ते पिक्चरच मानत नसत. "रडायला बारामतीला कशाला जायचं? हितं सोय हाय की," असं म्हणत. पुढे टीव्ही आला आणि ते हीरोला घरबसल्या सल्ले देऊ लागले. हिरॉइनने चौथ्यांदा झिडकारलं की हे खुर्चीत पुढे सरकत. "सोडू नगंस, गड्या. लांबच्या वाटंनं निघालीय ती."

ही लांबची वाट त्यांच्या स्वतःच्या गोष्टीतली होती. मामी शेळगावकडच्या वस्तीवरची. लग्नाआधी ती सणसरला शिवणक्लासला येई आणि परतताना मामा सायकलची घंटी वाजवत तिच्या मागे असत. जवळची वाट कालव्याच्या कडेने होती. पंधरा दिवसांनी मामीने ती सोडली आणि डांबरी रस्त्याने, चांगला अर्धा तास वळसा घालून जाऊ लागली. "का?" मामा प्रत्येक लग्नात, जेवणं उरकल्यावर, माना वळेपर्यंत थांबून विचारत. मग स्वतःच सांगत, "सोबत जरा जास्त घडावी म्हणून." मांडव हसून लोळायचा. पुढे मामांच्या वडिलांनी मागणी घातली, सुपारी फुटली. तीस वर्षं मी ही गोष्ट ऐकली आणि तीस वर्षं हसलो. मामी त्या वेळी बहुधा ताटं गोळा करत असे.

त्या सोमवारी मी सणसरलाच होतो. मामांची नात बारामतीहून कॉलेजातून आली होती. टीव्हीवर मामांचा लाडका जुना पिक्चर होता. हीरो बस अडवून उभा, हिरॉइन तोंड फिरवून बसलेली, बाकीचे प्रवासी टाळ्या पिटताहेत. मामा हसले, सवयीने मीही हसलो. नात हसली नाही.

"आबा, ती नको म्हणतीय की त्याला."

"अगं, लाजतीय ती. तुझी आजी न्हाय का लांबच्या वाटंनं जायची?"

मामी उंबऱ्याशी गवार मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "डांबरीवर माणसं असायची. कालव्याला कुणी नसायचं. भ्या वाटायचं मला. मग क्लासच सोडला."

मामांनी टीव्ही बंद केला. तिच्याकडे वळून विचारलं, "मग लग्नाला व्हय कशी म्हणलीस?"

"मला कुणी इचारलं?" मामी म्हणाली, आणि गवार घेऊन आत गेली.

मामांनी तेव्हापासून एक नवीन खोड लावून घेतली. पिक्चर लावायचा, हिरॉइन "नाही" म्हणाली की बंद करायचा. "संपला." त्यामुळे त्यांचे बरेच पिक्चर वीस मिनिटांत संपू लागले. टीव्हीसाठी येणारे मित्र वैतागले. एक जण म्हणाला, "आबा, निदान गाणं तरी होऊ द्या." मामा म्हणाले, "कशाचं गाणं? घरी गेली ती."

मला मात्र त्यांनी फोनवर निराळंच सांगितलं. आवाज दबका होता. "काल इचारलं तिला."

"काय?"

"तवा राहिलं हुतं ते. करशील का म्हणून."

"मग?"

"इचार करते म्हणली. आता पुन्हा इचारायचं न्हाय. तितंच चुकतंय हीरोचं."

आणि खरंच त्यांनी विचारलं नाही. पावसाळा गेला, उसाला तोड आली, मामा थांबून राहिले. चहा आला की मामीच्या तोंडाकडे एकदा बघत आणि कप उचलत. इतका घाबरलेला माणूस मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही पाहिलेला नाही.

मग इंदापूरला मामांच्या दुसऱ्या एका भाच्याचं लग्न निघालं. जेवणं झाली, लोकांनी गोष्टीचा आग्रह धरला. मामा म्हणाले, "माझी गोष्ट चुकीची हुती. खरी तिला ठाव." मामीने हातातलं ताट खाली ठेवलं आणि सांगितली. घंटी सांगितली, वळसा सांगितला, अर्धवट राहिलेलं पोलकं सांगितलं. मांडवात कुणी हसलं नाही. शेवटी वरमाय जरा अवघडून म्हणाली, "मग वैनी, व्हय कधी म्हणालात?"

मामीने विचार केला. "म्हणले कुठं? पर गेल्या मंगळवारी ठरवलं."

मामांच्या हातात जिलबी होती. ती तशीच राहिली. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

त्यानंतर मामा चार महिने होते.

परवा मी सणसरला गेलो तेव्हा मामी टीव्हीसमोर बसली होती. मामांनी अर्ध्यावर सोडलेले पिक्चर ती एकेक करून पाहते आहे. मांडीवर शिवण असते. मामांची खुर्ची शेजारी आहे.